आईच्या समोरची भिंत

डिसेंबर अर्धा सरला की आमच्या कारेलीबागेतल्या फूटपाथांवर गुलाबी रंग सांडायला लागतो. उत्तरायणाला अजून महिना असतो, पण पतंगाची दोरी रंगवणारे त्याआधीच येतात. रस्त्याच्या कडेला दोन खांब उभे करतात, त्यांच्यामध्ये पांढऱ्या दोऱ्याचे पदर ताणतात आणि मुठीत गुलाबी लगद्याचा गोळा धरून या खांबापासून त्या खांबापर्यंत चालत राहतात. कोवळ्या उन्हात ते ओले दोरे चमकतात. भाजीला निघालेली मी तिथे थांबते. अख्खा जन्म बडोद्यात गेला, यात नवीन काही नाही, तरी दरवर्षी थांबते.

यंदा अशीच उभी असताना पुण्याहून लेकीचा फोन आला. तिने भाड्याने घर घेतलंय. व्हिडिओवर तिने मला एक भकास पांढरी भिंत दाखवली आणि म्हणाली, "आई, मालक म्हणतो एकही खिळा मारायचा नाही. मी ते चिकटवायचे हुक आणले, तर रात्रभरात रंगाचा पापुद्रा घेऊन खाली. आता काय करू?"

मी फोन वळवला आणि तिला ते दोन खांब दाखवले.

"हे काय?"

"तुझ्या आजोबांनी काय केलं होतं ते."

दोन बांबू, दोन डबे, वाळू, सुतळी, जुने मोजे. एवढं तिला तिथेच उभ्या उभ्या सांगितलं. बाकीचं फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. ते मी भाजीच्या पिशवीबरोबर घरी घेऊन आले.

मी तेव्हा आठवीत होते. बाबा कोयलीला रिफायनरीत शिफ्टची नोकरी करायचे आणि आम्ही दांडिया बाजारात तिसऱ्या मजल्यावर राहायचो. जिना लाकडी, अरुंद, दोराला धरून चढायचा. एका सकाळी पाण्याची बादली उचलताना आईच्या कमरेत चमक भरली. ती वाकली ती वाकलेलीच राहिली. दुपारपर्यंत तिच्या डाव्या पावलातली जाणीव गेली. शेजारच्या चौघांनी तिला खुर्चीत बसवून खाली उतरवलं, तेव्हा प्रत्येक पायरीला ती माझं नाव घेत होती. हाक मारत नव्हती, नुसतं नाव घेत होती.

मणक्यातली चकती सरकली होती. डॉक्टरांनी सांगितलं, फळीवर उताणं झोपायचं, उशी नाही, कूस नाही, पायाला वजन बांधायचं. संक्रांतीनंतर आठवडाभरात पायाचा अंगठा हलला नाही तर ऑपरेशन, आणि ऑपरेशननंतर काय होईल ते आज सांगता येणार नाही. शिवाय त्या जिन्यावरून पुन्हा वर न्यायचं नाही.

म्हणून कारेलीबाग. दवाखान्याच्या जवळ, तळमजला, दोन खोल्या. मालक रमणभाई, निवृत्त ओव्हरसियर, आणि त्यांच्या पत्नी सविताबेन वरच्या मजल्यावर राहायचे. वैशाखात त्यांच्या मुलाचं लग्न होतं आणि नवी सून याच खालच्या घरात यायची होती. तिच्यासाठी त्यांनी भिंतींना नुकताच पिस्ता रंगाचा डिस्टेंपर लावून घेतला होता. नुसतं बोट लावलं तरी बोटाला रंग यायचा. खरं तर घर भाड्याने द्यायचंच नव्हतं, पण आईची हकिगत ऐकून सविताबेनला राहवलं नाही.

रमणभाईंची अट एकच. दारात उभं राहून त्यांनी ती बाबांना दोनदा सांगितली. "भींतने अडवानुं नहीं, भाई. खीली तो बिलकुल नहीं."

भिंतीला हात लावायचा नाही. बाबांनी मान डोलावली. हातात आईच्या औषधांची पिशवी होती. त्या क्षणी कोणाला भिंतीची पडली होती?

पण भिंत ही काय चीज असते ते आठच दिवसांत कळलं. मावशी पंधरा दिवसांसाठी आली होती, स्वयंपाकाला बाई मिळाली, बाबांनी शिफ्ट बदलून घेतल्या. घराची घडी बसली. आणि आईला दिवसभर काहीच काम उरलं नाही. दांडिया बाजारात तिच्या खिडकीखाली दिवसभर रस्ता वाहायचा. भांड्यांची दुकानं, देवळातली घंटा, हातगाडीवरची जामफळं, कोणाची तरी वरात. इथे सोसायटीत दुपारी इतकी शांतता की नळाचं थेंब थेंब पाणी मोजावं.

ती आता फार बोलेनाशी झाली. विचारलं तर "बरी आहे" म्हणायची.

बाबा कमी बोलणारे. शिफ्टवरून आले की जेवायचे, झोपायचे. आईला त्यांनी कधी गजरा आणलेला मी पाहिला नव्हता. पण एका संध्याकाळी ते घरी आले ते पिवळ्या शेवंतीचा जुडगा घेऊन. काचेच्या बरणीत तो ठेवला, तिच्या समोरच्या भिंतीशी टेबल लावलं, त्यावर बरणी, शेजारी गणपतीची तसबीर, माझं बक्षिसाचं पदक. लांब उभं राहून त्यांनी पाहिलं, तसबीर थोडी डावीकडे सरकवली.

"कसं वाटतंय?"

"छान आहे," आई म्हणाली.

दोन आठवडे ते तसंच राहिलं. फुलं बदलत होती. आई रोज "छान" म्हणत होती.

मग एका रविवारी दुपारी मला तिच्या शेजारी आडवं व्हावंसं वाटलं. मावशी परत गेली होती आणि मला आईचा वास हवा होता, एवढंच. फळीच्या कडेला अंग चोरून मी तिच्यासारखी उताणी झोपले. कॉटची पायाकडची बाजू विटांवर चढवलेली होती, त्यामुळे डोकं खाली गेलं. मी समोर पाहिलं. टेबल कुठेच नव्हतं. बरणी नव्हती, गणपती नव्हता. छत होतं, पंखा होता, पंख्याच्या पात्यावर काळी रेघ होती, आणि भिंतीचा वरचा अर्धा भाग. पिस्ता रंगाचा. त्याच्या तळाशी, अगदी पापण्या खाली ओढल्या तर, शेवंतीचा एक पिवळा काठ.

"आई, तुला फुलं दिसतच नाहीत!"

"हळू बोल."

"मग छान का म्हणतेस?"

तिने माझा हात धरला. "अगं, ते सकाळी सहाच्या शिफ्टला जायच्या आधी बरणीतलं पाणी बदलतात. मला आवाज येतो. छान नाही तर काय म्हणू?"

मी बाबांना सांगितलं. सांगायला नको होतं असं नंतर वाटलं. ते दुसऱ्या खोलीत जाऊन जमिनीवर उताणे झोपले, पाय भिंतीशी असलेल्या ट्रंकेवर ठेवले आणि छताकडे पाहत राहिले. मी चहा घेऊन गेले तरी उठले नाहीत.

म्हणाले, "सगळं वर न्यायला हवं. पण लावायचं कशाला?"

उत्तर त्यांना रस्त्यात मिळालं. दोरी रंगवणाऱ्यांचे ते दोन खांब. भिंतीपासून सुटे, कोणाच्या आधाराशिवाय उभे, आणि त्यांच्यामध्ये इतकं ताणलेलं की माणूस चालत चालत रंग लावू शकतो. बाबा सायकल टेकवून तिथे अर्धा तास थांबले म्हणे, आणि खांब खाली कशात रोवलेत ते वाकून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दोन बांबू आले. तेलाचे दोन रिकामे चौकोनी डबे आले. पलीकडे बांधकाम चाललं होतं तिथून वाळू मागून आणली. डब्यात बांबू, भोवती वाळू गच्च ठोकून, भिंतीपासून वीतभर लांब. वर आडवा तिसरा बांबू सुतळीने आवळला. उभ्या बांबूंची टोकं चुकून भिंतीला घासली तर रंग जाईल म्हणून बाबांनी त्यांना स्वतःचे जुने लोकरी मोजे चढवले. एक तपकिरी, एक निळा.

आई पाहत होती. "त्या बांबूला थंडी वाजतेय वाटतं," ती म्हणाली. किती दिवसांनी ती आपणहून एक वाक्य बोलली होती!

आवाज ऐकून रमणभाई खाली आले. चष्मा कपाळावरून नाकावर घेऊन त्यांनी डबे पाहिले, बांबू हलवून पाहिले, मोज्यांकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग भिंत आणि बांबू यांच्यामधल्या फटीत हात घालून, भिंतीला न लावता, वरपासून खालपर्यंत नेला.

"अडतुं नथी," ते म्हणाले. लागत नाही. ओव्हरसियरचा दाखला मिळाला.

त्या आडव्या बांबूवर पहिल्यांदा चढल्या त्या आईच्याच साड्या. तिला नेसता येत नव्हत्या, निदान पाहता येतील, असं बाबांचं म्हणणं. ट्रंक उघडून ते एकेक घडी मोडायचे आणि आई फळीवरून हुकूम सोडायची. "ती नको, तिला डाग आहे. जांभळी काढा. जांभळी म्हणजे जांभळी, ही वांगी आहे." बाबांना वांगी आणि जांभळ्यातला फरक दिसत नव्हता. मला हसू येत होतं. मग लग्नातला शालू वर गेला. बाबा म्हणाले, "याला काठ असा होता होय?" आई म्हणाली, "तुम्ही तेव्हा बघितला कुठे!"

दर रविवारी भिंत बदलायची हे मग आपोआप ठरलं. एका रविवारी बाबांनी कारखान्यातल्या रद्दीतून मोठा पांढरा कागद आणला. त्यांना चित्र काढता येत नव्हतं. पाइप काढता यायचे. पाइप, व्हॉल्व्ह, पंप, टाक्या, बाण. सबंध दिवस जमिनीवर बसून त्यांनी दांडिया बाजार काढला, पण प्रवाहाच्या नकाशासारखा. रस्ता म्हणजे जाड पाइप. आमची गल्ली म्हणजे त्याला जोडलेला बारीक पाइप. भांड्यांचं दुकान ही टाकी, देऊळ ही टाकी, सार्वजनिक नळ हा व्हॉल्व्ह आणि त्यापुढे कंसात 'बहुधा बंद'. कोपऱ्यावरच्या गप्पिष्ट शिंपीणबाईंच्या घरावर त्यांनी दाब मोजायचा काटा काढला होता आणि तो लाल रेषेच्या पलीकडे गेलेला.

कागद वर टांगला. आईने पाहिलं. आधी तिला कळेना. मग तो काटा दिसला आणि ती हसायला लागली. हसताना कमरेतून कळ यायची, म्हणून ती "नको, नको" म्हणत हसत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि बाबा घाबरून तो कागद काढायला धावले तर म्हणाली, "राहू दे! आणि दूधवाला डावीकडे हवा. उजवीकडे तो उभाच राहत नाही."

उत्तरायण आलं. अगाशीवर, म्हणजे गच्चीवर, सगळी सोसायटी चढली होती, पतंग कटला की "काप्यो छे" च्या आरोळ्या, खाली ऊंधियुंचा वास. सविताबेन वर गेल्या नाहीत. आईच्या शेजारी बसून तिळाच्या चिकीचे बारीक तुकडे करून तिला भरवत राहिल्या. मी अंगणात पडलेले कटलेले पतंग गोळा केले आणि दुपारी ते बांबूला बांधले. फाटके, शेपटी तुटलेले, एकावर कोणाच्या तरी बुटाचा ठसा. दार उघडलं की वाऱ्याने फडफडायचे. रमणभाई संध्याकाळी भिंत तपासायला म्हणून आले आणि खुर्ची ओढून बसलेच. जाताना वर गेले आणि एक जुनं मोत्यांचं तोरण घेऊन खाली आले. त्यांच्या आईने गुंफलेलं. मोर, हत्ती, पाण्याचे घडे घेतलेल्या बायका. आपल्याच घरात खिळा मारायचा नाही म्हणून ते वर्षानुवर्षं पेटीत पडलं होतं.

"आना पर लटकावो," ते म्हणाले. "बेनने देखाशे."

याच्यावर लटकवा, बेनला दिसेल.

आता हे सगळं लिहिताना ते दिवस गोड वाटतात. तसे ते नव्हते. रोज संध्याकाळी बाबा पेनाचं टोपण घेऊन आईच्या डाव्या तळव्यावरून फिरवायचे आणि विचारायचे, "कळतंय?" आई डोळे मिटून सांगायची, "नाही." मग ते म्हणायचे, "उद्या बघू." मी दप्तर भरण्याचं नाटक करत ऐकायची. उत्तरायणानंतर एक दिवस गेला, दोन गेले, चार गेले. डॉक्टरांनी दिलेला आठवडा संपत आला.

पाचव्या दिवशी बाबा नवीन काहीतरी घेऊन आले, कागदाच्या रंगीत माळा होत्या बहुतेक, आणि आईचा बांध फुटला.

"काढून टाका ते. सगळं काढा. रोज नवी सजावट, रोज नवी सजावट! मी काय प्रदर्शनाला आलेय? मला भिंत नको. मला पाय हवाय."

बाबांनी हातातल्या माळा खाली ठेवल्या. तोरण कागदात गुंडाळलं, पतंग सोडले, नकाशाची गुंडाळी केली. बांबू तेवढे राहिले, कारण डबे हलवले तर आवाज झाला असता. मग ते ओट्यावर जाऊन बसले. मी त्यांच्याजवळ गेले तर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तो काढायला विसरले.

दोन दिवस भिंत उघडी होती. तिसऱ्या दिवशी सकाळी आईने मला हाक मारली.

"तुझा युनिफॉर्म कोण धुतं?"

"बाई धुतात."

"वाळत कुठे घालतात?"

"मागे."

"इथे घाल. त्या बांबूवर. यांचे कपडेपण."

मला वाटलं, ती अजून रागावलेली आहे. पण मी बादली आणली. पाणी भिंतीवर उडू नये म्हणून बाहेर नीट पिळून, झटकून, एकेक कपडा वर घातला. माझा निळा स्कर्ट, पांढरा ब्लाउज, बाबांचा खाकी डगला, टॉवेल, कापडी पिशवी. खाली जुनी चादर पसरली. आई बराच वेळ पाहत होती. साबणाचा वास खोलीभर झाला होता.

"ब्लाउजची कॉलर घासलेली नाही," ती म्हणाली. "त्यांच्या डगल्याचं दुसरं बटण कधी तुटलं? आणि तू उंच झालीस का गं? स्कर्टची पट्टी सोडायला हवी. सुई-दोरा दे, झोपल्या झोपल्या बटण तरी लावते."

संध्याकाळी बाबा आले. दारातच थबकले. जिथे शालू आणि मोर लटकले होते तिथे त्यांचा डगला टांगलेला होता, बटण लावलेला. त्यांनी आईकडे पाहिलं.

"हे असंच राहू दे," आई म्हणाली. "घर चाललंय ते दिसतं मला."

मग भिंत तशीच राहिली. रोज सकाळी ओले कपडे, संध्याकाळी घड्या. एका टोकाला आईने स्वतःहून तोरण पुन्हा लावायला सांगितलं आणि दुसऱ्या टोकाला दांडिया बाजारचा नकाशा. मधल्या जागेत आमचं रोजचं जगणं वाळत असायचं. मी पुढे पुष्कळ नटवलेली घरं पाहिली, त्यांतलं एकही आता आठवत नाही.

आठवडा संपला तेव्हा डॉक्टरांनी आणखी दहा दिवस दिले. का दिले कोण जाणे. त्यातल्या सातव्या संध्याकाळी बाबांनी टोपण फिरवलं आणि "कळतंय?" विचारायच्या आधीच आई म्हणाली, "गुदगुल्या करू नका." बाबांनी पुन्हा फिरवलं. अंगठा आखडला. मी पाहिला. बाबांनी टोपण पेनाला लावलं, पेन खिशात ठेवलं, आणि बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुऊन आले.

भिंतीने आईला बरं केलं असं मी कधी म्हणणार नाही. विश्रांतीने केलं, औषधाने केलं, थोडं नशिबाने. चैत्रात आम्ही घर सोडलं तेव्हा रमणभाईंनी खिडकी पूर्ण उघडून, उजेडात, भिंत वीतवीत पाहिली. कुठे ओरखडा नव्हता. ते खूश व्हायला हवे होते, पण रिकाम्या भिंतीकडे पाहून म्हणाले, "सूनुं लागे छे." ओकं ओकं वाटतंय. बांबू आणि डबे त्यांनी ठेवून घेतले.

आज बाबा नाहीत, आई नाही, ते घर पाडून तिथे अपार्टमेंट झालंय. लेकीने काल फोटो पाठवला. तिने बांबूऐवजी पडद्याचे पाइप घेतलेत आणि डब्यांऐवजी कुंड्या. मोजे मात्र चढवलेत. त्यावर एक ओढणी आहे, दोन चित्रं आहेत आणि ऑफिसचा एक शर्ट वाळतोय.

मला त्या हंगामातलं सगळ्यात जास्त आठवतं ते आई पहिल्यांदा उभी राहिली तो दिवस. फाल्गुन लागला होता. दुपारचं ऊन आत येत होतं. डॉक्टरांनी दिलेला जाड पट्टा बाबांनी तिच्या कमरेला आवळला, मी एका बाजूने धरलं, त्यांनी दुसऱ्या बाजूने. आधी ती कडेला बसली. मग पाय जमिनीवर ठेवले. फरशी गार लागली तेव्हा तिने "हं" केलं, जणू ओळख पटली. मग उठली. ती माझ्याहून उंच आहे हे मी विसरले होते.

एक पाऊल टाकून तिने कॉटच्या लोखंडी कठड्याला धरलं आणि हळूहळू वळली. तेव्हा तिला तिच्या डोक्यामागची भिंत पहिल्यांदा दिसली. पिस्ता रंगाची, वरपासून खालपर्यंत कोरी. ना कॅलेंडर, ना तसबीर.

"अगंबाई," ती म्हणाली, "इकडे काहीच नाही? म्हणजे मला रोज एवढं सगळं, आणि तुम्ही दोघं समोर बसून तीन महिने ही अशी भिंत बघत होतात?"

बाबा खाली वाकून पट्ट्याचं बक्कल सारखं करत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"भिंत कुठली बघतोय," ते म्हणाले. "पुढ्यात तू होतीस."

 कठड्यावरचा हात काढून आईने त्यांच्या खांद्यावर ठेवला आणि दुसरं पाऊल टाकलं.